थंडी तुटली नाही

माझ्या नवऱ्याला आमच्या भागात सगळे डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही. बारावीनंतर दूध डेअरीचं काही महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेला, गाई भरवणारा माणूस आहे. कुणाची गाय माजावर आली की निरोप येतो, हा मोटरसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून निघतो, कॅनमधून वळूच्या रेताची एक बारीक काडी काढतो, कोमट पाण्यात सोडतो आणि आपलं काम करून, चहा पिऊन परत येतो. पिंपळवंडीपासून वारूळवाडीपर्यंत आणि पलीकडे आंबेगाव तालुक्यातही कितीतरी गोठ्यांत त्याने भरवलेल्या गाईंची वासरं आहेत. लिहिताना मी त्याला अरेतुरे करते आहे, समोर मात्र अहो म्हणते. कागदावर तरी माणसाने मोकळं असावं.

तो कॅन म्हणजे घरातली माझी सवत. ॲल्युमिनियमचा, पोट मोठं आणि गळा अरुंद. घरात सावलीची एकच चांगली जागा होती, ती त्याची. झाकण काढलं की पांढरी वाफ जमिनीवर सांडायची. आतली थंडी अशी की बोट लागलं तर भाजावं. गारठ्यानेही भाजतं हे मला लग्नानंतर कळलं. नवऱ्याचा मंत्र एकच, थंडी तुटता कामा नये. थंडी तुटली नाही तर काडीतला जीव वर्षानुवर्षं टिकतो, तुटली की मेला. हे तो जेवताना सांगायचा, पाहुण्यांना सांगायचा, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत बसला होता. सासू म्हणायची, "ह्याच्या डोस्क्यात बी त्योच ग्यास भरलाय."

आमचा मुलगा नारायणगावच्या प्रसूतिगृहात झाला, ऐन मे महिन्यात. मोबाइल तेव्हा बड्या लोकांच्या खिशात नुकते दिसायला लागले होते. बाळ चांगल्या वजनाचं होतं. रडलं असं की बाहेर बाकावर बसलेली सासू म्हणाली, "आला गं बाई पुढारी." पहिला दिवस कौतुकात गेला. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढता ओढता थांबायला लागलं. दोन घोट घ्यायचं, दमायचं, डोळे मिटायचं. मग त्याची नखं निळसर दिसली. सासूने त्याला मेच्या उन्हाळ्यात आणखी एक दुपटं गुंडाळलं. "गारठा लागला आसंल," ती म्हणाली. तिला दुसरं काय सुचणार? मलाही काही सुचत नव्हतं.

त्याच गल्लीत लहान मुलांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांनी बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं आणि ऑक्सिजन लावला. ओठांचा निळेपणा गेला नाही. डॉक्टर बराच वेळ छातीला नळी लावून ऐकत होते. मग आत जाऊन पुण्याला कुणाशी तरी फोनवर बोलले आणि आम्हा नवरा-बायकोला खोलीत बोलावलं.

ते तरुण होते, शांत बोलायचे. म्हणाले, "पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. म्हणून तेव्हा हृदयाजवळ एक जास्तीची नळी असते. जन्म झाला की तिचं काम संपतं आणि दोन-चार दिवसांत ती आपोआप मिटते. सगळ्यांची मिटते. पण तुमच्या बाळाची फुफ्फुसाकडे जाणारी खरी वाट बंद असावी. ते त्या जास्तीच्या नळीवरच जगतंय. आणि आता ती मिटायला लागली आहे."

मी विचारलं, "मग ती उघडी न्हाई का ठेवता येत?"

"येते. तेवढ्यासाठीच एक इंजेक्शन आहे." त्यांनी नाव सांगितलं. प्रोस्टाग्लँडिन. मी ते तोंडातल्या तोंडात दोनतीनदा म्हणून पाहिलं, विसरायला नको म्हणून. ते सलाइनमध्ये अगदी थोडं मिसळून सतत सोडायचं, मधे खंड पडू द्यायचा नाही. त्याने रोग बरा होत नाही. ऑपरेशन होईपर्यंत दार उघडं राहतं, एवढंच. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलने दुसऱ्या दिवशीची जागा कबूल केली होती. पण इंजेक्शन नारायणगावात नव्हतं, मंचरला नव्हतं. पुण्यात एका औषधवाल्याकडे होतं.

"मग आत्ताच नेऊ की पुण्याला," मी म्हणाले.

"खेडच्या घाटात गाडी अडकली आणि तिथे नळी मिटली, तर माझ्या हातात काही उरणार नाही. आधी औषध सुरू करू, मग निघू. कुणीतरी जाऊन ते घेऊन या. आणि एक लक्षात ठेवा, ते थंड ठेवूनच आणायचं. थंडी गेली की औषध गेलं."

सकाळपासून भिंतीला टेकून उभा असलेला माझा नवरा एकदम सरळ झाला. "थंडीचं मला नका सांगू, डॉक्टर," तो म्हणाला. "माझं कामच थंडीचं हाय."

मला केवढा धीर आला तेव्हा! इतका वेळ आम्ही दोघं अडाणी माणसांसारखे नुसत्या माना हलवत होतो. आता निदान एक गोष्ट आमच्या ओळखीची निघाली. देवाबिवाचं आमच्याकडे काही नाही, पण या कामाला सगळ्या तालुक्यातून हाच माणूस हवा होता असं मला अगदी मनापासून वाटलं. तो धावतच बाहेर गेला. कॅन गाडीला बांधलेलाच होता, सकाळी कामावरूनच तो तसा आला होता. सोडून ठेवण्यात वेळ घालवला नाही.

मग मी बसून राहिले. टाके ओढत होते, छाती दुधाने दगड झाली होती. पेटीला हात जाण्यापुरती गोल खिडकी होती. तिच्यातून मी एक बोट आत घालायचे आणि बाळ ते धरायचं. कधी घट्ट, कधी नुसतंच. सासू दारात बसून रस्त्यावरची प्रत्येक मोटरसायकल ऐकत होती. नर्स येऊन जाऊन म्हणायची, "येतील हो, येतील." घड्याळ पेटीच्या बरोबर वर टांगलेलं होतं. कुठल्या शहाण्याने तिथे टांगलं कुणास ठाऊक. माझी मान सारखी वर जायची.

दुपारी उशिरा तो आला. घामाने निथळत होता आणि तोंडभर हसत होता. त्याचं ते हसणं मला आजही नको वाटतं. कॅन छातीशी कवटाळून त्याने आत आणला आणि टेबलावर ठेवला. "काय बी काळजी करू नगा," तो म्हणाला. "थंडी तुटली न्हाई."

झालं होतं असं. औषधवाल्याने दोन छोट्या काचेच्या कुप्या थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीवर ठेवून दिल्या होत्या. येताना खेडच्या घाटात कांद्याचा ट्रक आडवा झालेला. पुढे मागे गाड्या, वर ऊन, आणि मोटरसायकलसुद्धा निघायला फट नाही. तिथे उभ्या उभ्या त्याने डब्याचं झाकण उचलून बघितलं तर बर्फाचं पाणी झालेलं. आणि मागे कॅरियरला, हात लांब केला की लागेल असा, त्याचा कॅन. सगळ्या घाटात खात्रीची थंडी तेवढ्या एका ठिकाणी होती. त्याने झाकण काढलं, काड्यांची डबी वर ओढली, काड्यांच्या शेजारी दोन्ही कुप्या नीट बसवल्या आणि डबी परत आत सोडली. मग तो निवांत झाला. वाट मोकळी झाल्यावर, खड्ड्यांत कॅन हिंदकळू नये म्हणून, जपून चालवत आला.

हे सगळं तो सासूला सांगत होता आणि सांगता सांगता हात कामाला लागले होते. डबी वर आली, वाफ टेबलावरून सांडली. एक कुपी आधीच तडकलेली होती, आतलं औषध काचेला धरून गोठलेलं. दुसरी आख्खी होती, दवासारख्या बर्फाने पांढरी झालेली. "एक हाय की," तो म्हणाला. मग काडी बाहेर काढल्यावर तो रोज करतो तेच त्याने केलं. मला म्हणाला, "कोमट पाणी दे गं."

बाळंतिणीसाठी थर्मासमध्ये गरम पाणी होतं. मी ते पेल्यात ओतलं, थोडं गार घातलं. त्याने करंगळी बुडवून बघितली. त्याची करंगळी कधी चुकत नाही, असं सगळे शेतकरी सांगतात. त्याने चिमट्याने ती कुपी उचलली आणि हळूच पाण्यात सोडली. पेला माझ्या हातात होता.

टिच्. एवढाच आवाज झाला. बांगडी वाढवताना होतो तेवढा.

दोघेही पेल्यात बघत राहिलो. काचेचे दोन तुकडे तळाला होते आणि वर स्वच्छ पाणी होतं. औषध त्या पाण्यातच होतं, पण बघून काही कळत नव्हतं. सासूने दारातून विचारलं, "झालं का गं?"

तेवढ्यात डॉक्टर लगबगीने आले. त्यांनी कॅन बघितला, वाफ बघितली, पेला बघितला. "तुम्ही हे गोठवलंत?" ते म्हणाले. आवाज चढला होता. मग त्यांनी माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचं गिळलं. त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या. आता थांबण्यात अर्थ नाही. तसेच निघू."

तेव्हा गाडी म्हणजे काय, एक मारुती व्हॅन, मागे ऑक्सिजनचं नळकांडं. बाळ माझ्या मांडीवर, शेजारी नर्स, पुढे नवरा. डॉक्टरांनी पुण्याला फोन करून कुणाला तरी इंजेक्शन घेऊन उलट दिशेने निघायला सांगितलं होतं, वाटेत गाठ पडली तर बघू म्हणून. मंचरपर्यंत बाळ कण्हत होतं. पुढे कण्हणं बंद झालं, श्वास तेवढा चालू होता. मी त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आता आठवत नाही. फक्त एवढं आठवतं की घाट जवळ आला तसं मी बोलणं थांबवायला भ्यायले.

घाटात गाड्या अजून तुंबलेल्याच होत्या. त्याच वळणावर, म्हणजे जिथे त्याने कॅनचं झाकण उघडलं होतं त्याच्या थोडं अलीकडे, नर्सने बाळाच्या छातीला ऐकायची नळी लावली आणि ती बराच वेळ काढली नाही. मग तिने बोटांनी त्याची छाती दाबून बघितली, पुन्हा पुन्हा. शेवटी तिने ड्रायव्हरला सांगितलं, "वळवा गाडी."

वळवायला जागाच नव्हती. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी, मागे ट्रकची रांग. म्हणून आम्ही तसेच पुढे पुढे सरकत राहिलो, पुण्याच्याच दिशेने. पुढच्या गाड्या हलल्या की आम्ही हलायचो. मेलेलं पोर घेऊन आम्ही अख्खा घाट पार केला आणि मग कुठे एका ढाब्यासमोर गाडी वळली. नवऱ्याने तेवढ्या वेळात एकदाही मागे वळून बघितलं नाही.

बाळाला कुकडी नदीच्या काठी पुरलं. सासूने मोगऱ्याच्या कळ्या वाटून माझ्या छातीवर बांधल्या, दूध आटायला. ते लवकर आटलं नाही. दुधाला कुणी निरोप दिला नव्हता.

आमच्याकडे सटवाई नाही. छप्पन साली आमचे लोक बौद्ध झाले आणि आजेसासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले, त्यांच्याबरोबर तीही गेली. मला त्याचा अभिमानच आहे. पण त्या महिन्यात शेजारणी भेटायला यायच्या आणि म्हणायच्या, "सटवीनं लिवलं तसं व्हतं बाई," तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांच्याकडे बोल लावायला कुणीतरी होतं. आमच्या घरी कपाळावर लिहिणारं कुणी नाही. कारण शोधायचं तर ते घरातल्या घरातच शोधावं लागतं, आणि ते सावलीत भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. एक म्हातारी तर म्हणून गेली, "दैव देतं आन् कर्म नेतं." तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. पण नवरा तिथेच बसला होता. मला तिच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं.

आठवडा झाला नसेल, वारूळवाडीचा एक शेतकरी दारात आला. सगळं ऐकून होता, म्हणून अवघडून उभा राहिला. "डॉक्टर, बोलू ने पन बोलतो. गाय माजावर हाय, राव. मागच्या बारीला बी उलटली, गाभण ऱ्हायली न्हाई."

गाय कुणाचं सुतक पाळत नाही. नवरा उठला, कॅन बांधला आणि गेला. मी चुलीपुढे बसून त्याला मनातल्या मनात वाटेल ते बोलले. तोच कॅन, तीच काडी, तीच करंगळी. याचे हात चालतात तरी कसे?

टाके दाखवायला गेले तेव्हा मी शेजारच्या बाळांच्या डॉक्टरांकडे डोकावले. एकटीच होते. सरळ विचारलं, "कुप्या फुटल्या नसत्या तर?"

ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुण्यापर्यंत नक्की पोचला असता. पुढे ऑपरेशन. त्यातून बरीच बाळं उठतात." मग थांबून म्हणाले, "थंड म्हणजे किती थंड, हे मी सांगायला हवं होतं." मी बाहेर आले. त्यांचं दुःख सांभाळायला माझ्याकडे जागा नव्हती.

पुढच्या फेब्रुवारीत वारूळवाडीची ती गाय व्यायली. कालवड झाली. शेतकऱ्याची बायको पितळी किटलीतून चीक घेऊन आली, पहिल्या धारेचा, पिवळा घट्ट. वासरू झालं की डॉक्टरच्या घरी चीक पोचवायचा, अशी आमच्या भागात रीत आहे. मी गूळ किसला, वेलदोडा घातला आणि खरवस लावला. किटली रिकामी परत द्यायची नसते म्हणून तिच्यात मूठभर तांदूळ घालून दिले. संध्याकाळी नवऱ्यापुढे ताटली ठेवली.

तो वडीकडे बघत बसला. म्हणाला, "त्या दिशी कुप्या ठेवल्या ना, त्यांच्या शेजारच्याच काडीची ही कालवड."

मी ताटलीत आणखी एक वडी ठेवली.

"डॉक्टर काय म्हनले व्हते गं? कुप्या फुटल्या नसत्या, तर जगला असता का?"

इतके महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होते. रागाने, दातओठ खात. विचार एकदा, मग सांगते, असं म्हणत होते. आणि त्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "न्हाई. तसा बी जगला नसता. काळीजच फुटकं व्हतं त्याचं."

त्याने मान हलवली आणि वडी तोंडात टाकली.

त्यानंतर कुठूनही चीक आला की तो विचारायचा. कधी खाताना, कधी हात धुताना, कधी नुसतं "म्हनजे तसा बी..." एवढंच. आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचे. माणूस चीक आला की गूळ काढतो, मी उत्तरही काढून ठेवायचे. आम्हाला पुढे मूल झालं नाही. बाकी संसार चारचौघांसारखा झाला. सासू गेली, घराला स्लॅब पडला, मोबाइल आले. कॅन नवा आला, जागा तीच.

मागच्या महिन्यात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी सरकारने खाजगी माणसंही घेतली. त्याला जुन्नरला दिवसभराच्या ट्रेनिंगला बोलावलं होतं. इतकी वर्षं त्याने काड्यांशिवाय कशाला हात लावला नव्हता. संध्याकाळी तो निळा बर्फाचा डबा घेऊन आला आणि ओसरीवरच बसला. मी चहा दिला. तो डब्याकडे बघत म्हणाला, "ह्याच्यात बर्फ आन् लशीच्या मधी कागद घालायचा म्हनं. बाटलीला बर्फ टेकू द्यायचा न्हाई. थंड ठेवायची, पन गोठू द्यायची न्हाई. गोठली का गेली."

मी म्हणाले, "चहा गार व्हतोय."

चहा त्याने प्यायला नाही.

परवा गल्लीतल्याच एकीने चीक आणून दिला. मी गूळ किसला, खरवस लावला. वड्या पाडल्या, ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि उत्तर तयार ठेवून समोर बसले. त्याने दोन वड्या खाल्ल्या. उठून हात धुतले, टॉवेलला पुसले. कॅन गाडीला बांधला, दोरी दोनदा ओढून बघितली आणि गेला.

विचारलं नाही.